कडब्याचा हिशेब

आमच्या घरी ज्वारी भाकरीसाठी पेरत नाहीत. भाकरी होतेच तिची, आणि दुसऱ्या कशाची आमच्या पोटाला सवयही नाही; पण हस्ताच्या पावसावर तिफण धरायची वेळ आली की घरात बोलणं निघतं ते "औंदा वैरण पुरंल का" याचं. दाणा कमी पडला तर विकत आणता येतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात. गाईच्या गव्हाणीत टाकायला रेशनवर काही मिळत नाही.

आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव, माणदेशातलं. वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरं म्हणायचं, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हापासून तालुक्याच्या काही भागाचा रंग पालटला, पण आमची बरीचशी जमीन अजून जिराईतच आहे. एकत्र कुटुंबात मिळून अकरा एकर. त्यात दोन एकर डाळिंब, विहिरीखालचं एक-दीड एकर मका, घास आणि हत्तीघास, उरलेलं आभाळावर : खरिपाला बाजरी, मटकी, हुलगे, बाजरीत तुरीच्या ओळी; रब्बीला चार एकर ज्वारी. दावणीला पाच दुभत्या गाई. गावात सगळ्यांनाच जर्सी म्हणतात, आहेत त्या होल्स्टिनच्या संकरित. शिवाय एक खिलार गाय, दोन-तीन कालवडी, दहा-बारा शेळ्या आणि परसात कोंबड्या. सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो), सासूबाई म्हणजे आत्या, आमचे मालक, भाऊजी-जाऊबाई आणि मुलं, एवढी माणसं या सगळ्याला जुंपलेली.

ज्वारी मालदांडी. मोहोळच्या केंद्रातून १९३०च्या दशकात निघालेली ही जात, अजून आमच्या रानातून हललेली नाही. राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले सुचित्रा, फुले वसुधा चांगल्या आहेत, दाणाही जास्त देतात. भाऊजींनी एक एकर लावूनही बघितली. आत्यांनी भाकरी थापून बघितली आणि काही बोलल्या नाहीत. मामांनी मात्र गाईपुढं दोन्ही पेंढ्या टाकल्या आणि गाईनं मालदांडीकडं आधी तोंड घातलं, तेव्हा त्यांच्यापुरता निकाल लागला. मालदांडीचं धाट गोड असतं. कुट्टी न करता टाकलं तरी जनावर बुडखा फारसा सोडत नाही.

सरकार दर वर्षी ज्वारीचा हमीभाव जाहीर करतं आणि मालदांडीचा वेगळा धरतं. २०२५-२६ साठी तो क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. पण धाटाला भाव कुणी ठरवत नाही, आणि आमच्याकडं ज्वारी पेरायची की नाही हे धाटच ठरवतं. बरं साल असलं की एकरी पाच-सहा क्विंटल दाणा आणि पाचशेच्या आसपास पेंढ्या निघतात. पावसानं ओढ दिली की कडबा शेकडा तीन हजारांच्या पुढं जातो, आणि तेव्हा दाण्याच्या पैशाला कडब्याचा पैसा गाठायला येतो. मावा पडून चिकटा झाला तर उलटं होतं. दाणा घरात येतो, पण कडबा काळा, चिकट; गाय वास घेऊन तोंड फिरवते. तसल्या साली ज्वारीचं पीक 'झालं' म्हणून कागदावर लागतं आणि आमच्या दृष्टीनं बुडालेलं असतं.

काढणी फेब्रुवारीत. हलक्या-मध्यम रानातली ज्वारी आम्ही उपटतो, कापत नाही. दोन्ही हातांत दोन-तीन ताटं धरायची, थोडी वाकवायची आणि हिसका द्यायचा. मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि ओळीनं आडवं टाकत जायचं. तासाभरात तळव्याला चरे पडतात, म्हणून हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतो. सकाळी धुई पडलेली असते तोवर पाला लवचीक असतो. दहा वाजून गेले की पात कापायला लागते. मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, बांधायला दोर नाही, ज्वारीच्याच ताटाचं आळं करायचं. मळणी आता मशिनवर तासाभरात होते. सगळा वेळ जातो तो उपटण्यात आणि बांधण्यात.

शेवटचं काम गंजीचं. ते मामांचं. पंचाहत्तरी उलटली तरी दुसऱ्या कुणाला रचू देत नाहीत. खाली दगड आणि तुराट्यांचा थर, त्यावर पेंढ्या, बुडखे बाहेर आणि शेंडे आत. वर जाताना मधला भाग जरा फुगीर ठेवायचा म्हणजे वळवाचं पाणी बाहेर निथळतं. एकदा मी म्हणाले, "मामा, आता पोरांना रचू द्या की." ते वरनंच म्हणाले, "रचू दे. आत पाणी गेलं की मग त्यांनाच वर चढवून खायला लाव." माझा थोरला मुलगा हसला आणि पेंढी वर फेकली. झेलण्यापुरतं काम त्याला मिळतं.

थोरल्याचं म्हणणं असतं की मजूर लावून उक्तं देण्यापेक्षा हार्वेस्टर आणावा. त्याचं चूक नाही. उपटणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, आणि आजूबाजूची ज्वारीची रानं कमी होत गेली त्याचं मोठं कारण हेच आहे. पण मोठ्या यंत्रातनं दाणा स्वच्छ येतो आणि धाटाचा भुगा होऊन रानात पसरतो. ज्याच्या दारात जनावर नाही त्याला चालेल. आमच्यासाठी ते अर्धं पीक रानात टाकून येण्यासारखं आहे.

उपटण्याचं दुसरं कारण किराळ. खालच्या पट्टीची जमीन भारी काळी आहे, तिथं ताट उपटत नाही, विळ्यानं कापावं लागतं. बुडखा रानात राहतो आणि त्यावर वळीव पडला की हिरवीगार फूट येते. दिसायला अशी कोवळी की जनावराला आवरत नाही, आणि तिच्यात विष असतं. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात जे असतं ते जनावराच्या पोटात गेलं की रक्तातला प्राणवायू त्याच्या अंगाला लागत नाही. मोठ्या, पक्व ज्वारीत ते राहत नाही, म्हणून कडबा निर्धास्त टाकता येतो.

एका मे महिन्यात वळवानंतर चार-सहा दिवसांनी आमची चांदी नावाची कालवड दाव्याचा पीळ तोडून त्या पट्टीत शिरली. मागोमाग एक शेळी. जाऊबाईंनी लांबून पाहिलं आणि हाका मारत धावल्या, पण तोवर दोघींनी चार-पाच तोंडं मारली होती. बांधावर आणेपर्यंत चांदी धापा टाकायला लागली. तोंडाला फेस, पाय थरथरायला लागलेले, मान ताणलेली. पापणी उलटी करून बघितली तर आतली कातडी फिकी पडायच्या ऐवजी लालभडक. आत्या घरातनं गुळाचं पाणी घेऊन आल्या. किराळ लागली की गूळ पाजायचा हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. पण जनावर धापा टाकत असताना घशात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जायचं, म्हणून मालकांनी हात धरला. डॉक्टर शेजारच्या वस्तीवर एका गाईच्या रेतनाला आलेले होते, हे नशीब. मोटारसायकल उभी करायच्या आधीच त्यांनी बाटली फोडली. शिरेत दोन इंजेक्शनं दिली, एकामागोमाग एक. मी कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला ते मला मांडीवर कळत होतं. संध्याकाळपर्यंत ती उठून उभी राहिली. शेळी मात्र डॉक्टर यायच्या आधीच बांधावर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, किराळीत अर्धा तास सुद्धा लई झाला." चांदीची आता तीन वेतं झाली आहेत.

तेव्हापासून खालच्या पट्टीची कापणी झाली की मालक आठवड्याच्या आत नांगर घालतात, ट्रॅक्टरवाल्याला दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी. आणि रस्त्याकडच्या बांधाला ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असतात. करडई काटेरी, त्यामुळं मोकाट जनावर आत शिरत नाही. वरती घाण्याचं तेल घरचं होतं. कुंपणाला तार ओढण्यापेक्षा हे स्वस्त.

आता हिशेबाच्या वहीचं सांगते. बचत गटाच्या एका प्रशिक्षणात आम्हा बायकांना शिकवलं होतं की प्रत्येक धंद्याचा हिशेब वेगळा ठेवा, म्हणजे कशात नफा आणि कशात तोटा ते कळेल. मी ठेवायला लागले. दुधाचं एक पान, ज्वारीचं एक, डाळिंबाचं एक, शेळ्यांचं एक. दुधाच्या पानावर सरकी पेंड, गोळीपेंड, औषधं, रेतन, वीज लिहिली आणि घरच्या कडब्याला बाजारभाव लावला, तर दूध तोट्यात. कडब्याला भाव लावला नाही तर दूध नफ्यात, पण मग ज्वारी तोट्यात. शेणखताला ट्रॉलीचा दर लावला की गाई नफ्यात येतात आणि डाळिंबाचा नफा तेवढा खाली येतो. घरच्या माणसांची मजुरी लावली तर सगळंच तोट्यात जातं. मी ते पान फाडलं नाही, पण वेगवेगळी पानं ठेवायचं सोडलं. आता एकच हिशेब आहे : घरात बाहेरून किती पैसा आला आणि घरातून बाहेर किती गेला. आमचं शेत टिकलं आहे ते जे विकलं जात नाही त्याच्यावर. कडबा गव्हाणीत जातो, शेण उकिरड्यात, उकिरडा डाळिंबाच्या बुडात. हुलग्याचा भरडा दुभत्या गाईला, मटकीचं भुसकट शेळ्यांना. या वाटेत कुठंही पावती फाटत नाही, म्हणून ती कुठल्या सर्वेक्षणात दिसत नसावी.

शेणाचं तर मला फार वाटतं. डाळिंबाच्या मृग बहराला आम्ही मे महिन्यात झाडामागे दोन-तीन पाट्या कुजलेलं खत घालतो. कच्चं घातलं की हुमणी येते, म्हणून वर्षभर कुजवलेलंच. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांना हे खत ट्रॉलीनं विकत आणावं लागतं आणि त्यात काय काय येतं ते उघडल्याशिवाय कळत नाही. खिलार गाईचं शेण-मूत्र वेगळं धरून त्याचं जीवामृत करतो : दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. यानं डाळिंबावरचा तेल्या रोग जातो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तेल्या आमच्याही बागेत आला आणि एका पावसाळ्यात निम्मी फळं तडकून खाली गेली. पण जमीन भुसभुशीत राहते, एवढं मी डोळ्यांनी बघितलं आहे. आणि उन्हाळ्यात मोकळ्या रानात धनगरांची मेंढरं दोन-चार रात्री बसवतो. त्यांना धान्य आणि थोडे पैसे द्यायचे, त्यांनी रानभर लेंड्या टाकून जायचं. ज्वारी त्या पट्टीत वेगळी ओळखू येते.

दुधानं मात्र आम्हाला चांगलंच घुसळलं. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये दर ठरवून दिला. पेपरात वाचून बरं वाटलं. दिवाळीपर्यंत आमच्या संकलन केंद्रावर हाती पडत होते ते सत्तावीस-अठ्ठावीस. एखादा पॉइंट कमी लागला की आणखी कापणी, आणि मशिन त्यांचंच. मग जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर झालं. त्यासाठी गाईच्या कानाला बिल्ला आणि सगळी माहिती ऑनलाइन भरणं आलं. धाकट्यानं भरली. अनुदान मिळालं, पण कुठल्या पंधरवड्याचं कधी आलं याचा मेळ मला शेवटपर्यंत लागला नाही.

त्या वर्षी गावातल्या एका हुशार पोरानं पंचवीस गाईंचा मुक्त गोठा केला होता. पोरगा कष्टाळू, गोठा स्वच्छ, गाई चांगल्या. पण वैरणीचं एक गुंठा रान नाही. मुरघास विकत, कडबा विकत, पेंड विकत. दर उतरला तसं त्याला रोज दूध घालून तोटा व्हायला लागला, आणि गाईला तर उपाशी ठेवता येत नाही. सहा महिन्यांत गाई निम्म्या किमतीला गेल्या. आम्हाला त्याच दरानं दूध घालावं लागलं. आम्ही फक्त पेंड कमी केली, कडब्यावर भर दिला, दूध लिटर-दोन लिटर उतरलं, आणि दिवस काढले.

लंपी चर्मरोगाचं २०२२ साल आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला सुरुवात झाली. आमच्या एका गाईच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी आल्या, पाय सुजले, दूध आटलं. लिंबाचा पाला, हळद, फिनेल, माश्यांसाठी धूर, सगळं केलं. गाय वाचली, दोन महिन्यांचं वासरू गेलं. सरकारनं वासराला १६ हजार रुपये भरपाई ठरवली होती, मोठ्या दुभत्या गाईला ३० हजार. ती मिळाली. तेव्हा बाकीच्या दावणीला लागण होऊ नये म्हणून आम्ही आजारी गाय डाळिंबाच्या बागेजवळ बांधली होती आणि मालक तिथंच झोपत होते.

खिलार बैलांची जोडी होती ती गेली. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम पेरणी-कोळपणीपुरतं राहिलं. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा खरसुंडीच्या यात्रेत खोंडांचे भाव पडले; २०२१च्या डिसेंबरात शर्यतीला सशर्त परवानगी मिळाली तसे पुन्हा चढले. म्हणजे बैलाची किंमत आता नांगराला किती चालतो यावर नाही, किती पळतो यावर आहे. मामांना हे पटत नाही. मला विचाराल तर पळायच्या निमित्तानं का होईना खिलार टिकली, हे वाईट नाही.

शेळ्या-कोंबड्या आमच्या, म्हणजे बायकांच्या. कृषी मेळाव्यात साहेब लोक शेळीला एटीएम म्हणतात. एटीएमला रोज बाभळीचा पाला आणून घालावा लागत नाही. तरी पण खरं आहे की आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात बोकड नेला की संध्याकाळी हातात रोख रक्कम असते आणि ती कुणाला विचारून खर्चावी लागत नाही. मुलीच्या नर्सिंगच्या कोर्सची पहिली फी दोन बोकडांतून गेली. तिला परत या गोठ्यात यायचं नाही, ते ती स्पष्ट सांगते. मीही आग्रह करत नाही. पहाटे पाचला धार असते, मग लग्न असो की मयत. माहेरी राहायला गेले तरी जीव इकडं असतो. आमच्या गावात शेतीवाल्या पोरांना मुली मिळत नाहीत याचं एक कारण ही पहाटेची धार आहे, आणि ते कुठल्याही योजनेनं सुटणार नाही.

परवा माझा भाचा आला होता. पुण्यातली नोकरी सोडून गावी दहा गाईंचा गोठा टाकायचा म्हणतो, बँकेच्या कर्जासाठी प्रकल्प अहवालही करून आणला होता. छान रंगीत कागद. शेड, दूध मशिन, कुट्टी मशिन, विमा, सगळं सविस्तर. वैरणीला मात्र एकच ओळ होती, 'चारा खर्च', आणि पुढं एक आकडा. मी त्याला विचारलं की तुझ्या चुलत्याचं सहा एकर पडीक रान आहे ते पेरणार कोण. तो म्हणाला, चारा बाजारात मिळतो. मिळतो, हे खरं आहे. २०१२-१३ ला आणि २०१८-१९ ला तो मिळत नव्हता, तेव्हा लोक जनावरं घेऊन छावणीत जाऊन राहिले होते आणि गाई उसाच्या कांड्या खात होत्या.

त्याला सांगितलं तेच वाचकांपैकी कुणी गोठा टाकायच्या विचारात असेल तर त्यालाही सांगते : पत्र्याची ऑर्डर देण्याआधी एक रब्बी ज्वारी करून बघा, आणि स्वतःच्या हातानं उपटून, बांधून, गंजीला लावून बघा. रान नसेल तर फेब्रुवारीत आमच्याकडं या. उपटणीला माणूस कमीच असतं.